आर्गॉन, पहाटे साडेतीन

युवास्क्युला. बाहेर उणे बावीस,
तळं टणक झालेलं.
तूलिक्की पडद्यावर बोट ठेवते:
एक शिखर, मग दुसरं, तिसरं,
जवळजवळ सारख्या अंतरावर,
बर्फावरून कुणी गेल्यावर
स्कीच्या काठ्यांची भोकं उरतात तशी.

म्हणजे ते फिरतंय.
आणि गोल नाही,
अंड्याहूनही लांबुडकं.
गरगरता गरगरता आत
ऑक्सिजनने इकडे, निऑनने तिकडे
सवतासुभा मांडलाय,
एकाच कातडीखाली.

वेइक्को जांभई आवरत विचारतो,
"तुटेल?"
"तुटलं असतं तर
इतकं तालात फिरलं असतं?"

ती थर्मासमधली कॉफी ओतते. गार.

गेल्या वसंतापासून
तिच्या घरात दोन फ्रिज आहेत,
दोन किटल्या,
बर्फ उपसायची दोन फावडी,
आणि दार
एकच.