तर्जनी

नंदुरबारला डिसेंबरात हवा लाल असते.
पथारीवर मिरची वाळते, नजर पोचेल तिथवर,
आणि स्टेशनावर उतरलेला माणूस
आधी शिंकतो, मग पत्ता विचारतो.

इथंच बसून रेकॉर्ड केलं मी नवं गाणं.
केवळमावशीच्या गळ्यातलं,
देठं खुडता खुडता ती म्हणते ते,
चार सुरांचं, फार तर साडेचार.
माझ्याकडे उधन्याच्या जुन्या बाजारातली गिटार,
लूमवरच्या पहिल्या तीन पगारांची,
पाठीवर कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं ‘रेश्मा’.

आधी सी लावला. सी सगळ्यांना चालतो,
शाळेतल्या खिचडीसारखा.
मावशी गात राहिली
आणि सी बाजूला ताटकळला
चुकीच्या लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखा.
मग ए मायनर.
मावशी मध्येच थांबली,
“कोन मरनं रे?”
ए मेजर लावला तर अंगणात बँडवाले,
आणि नवरीचा पत्ता नाही.

जी, डी, परत जी.
गाणं उतरणीला, मी चढावर.
ती म्हणाली, “गानं घर जाई राहिनं,
तू त्याले कसाले आडवस?”

खरंच होतं ते.
माझ्या वहीत लिहिलंय की ओळ शेवटी घरी येते,
पाचव्या कॉर्डवरून पहिल्यावर, उंबरा ओलांडून.
मावशीचं घर त्या पत्त्यावर नव्हतं.
तिचा गांधार राहतो दोन पट्ट्यांच्या मधे,
जिथं कुठल्या कारखान्यानं पितळ ठोकलेलं नाही.

अकरा रात्री गेल्या.
दिवसा मीही पोती उलटायचो,
रात्री तारा.
तर्जनीला तारेची चीर पडलेली, तिच्यात मिरची गेली,
आणि ए मायनर धरताना
बोट आपसूक उचललं गेलं,
चुलीवरून उचलावं तसं.

तार मोकळी वाजली.
ना मायनर, ना मेजर.
कॉर्डच्या मधोमध एक वाट राहिली,
पथारीत माणसांना चालायला ठेवतात तेवढीच,
एका पावलाची.
मावशी त्या वाटेनं चालत गेली
एकही मिरची न तुडवता.

मी काही शोधलं असं म्हणत नाही.
आग झाली, बोट हललं.

माइकला मोजा गुंडाळून सकाळी घेतलं सगळं.
दुसऱ्या कडव्यात सुरतेकडची मालगाडी आहे,
तिचा भोंगा बेसूर नाही, मी तपासलं.
तिसऱ्यात मावशीला ठसका लागला.
कापून टाकणार होतो,
मग त्याच ठसक्यावर एफवर गेलो
आणि गाण्याला अचानक माडी चढल्यासारखं झालं.
तो एफ अजून मला नीट धरता येत नाही,
खालची तार घुरघुरते.
राहू दिली.

गाणं वाटलं, तिळगूळ वाटतात तसं, हातोहात.
झुलाल टेम्पोवाल्यानं पेनड्राइव्हमध्ये घेतलं,
शहाद्यापर्यंत तीनदा लावलं म्हणतो,
तिसऱ्यांदा रिव्हर्स घेताना.
हमालांत दोन मतं पडली.
उधन्याहून लोटननं एवढंच कळवलं:
‘लूम बंद करून ऐकलं. फोरमननं झापलं.’
मोजले तर एकोणीस जण.
एकोणिसांची नावं सांगू शकतो मी.

शेवटी मावशीच्या कानावर हेडफोन चढवले,
पदरावरून.
ती बराच वेळ समोरच्या लालाकडे बघत राहिली.
“हाई कोन गाई राहिनी?”
तूच की, मावशी.
“नही रे. हाई बाई जवान शे.”
मालगाडी गेली. मग ठसका आला
आणि ती हसली, दातांच्या फटीतून,
“हाऊ खोकला मातर मन्हा शे.”

हेडफोन काढून दिले, बाळ्या सारख्या केल्या,
परत देठं खुडायला बसली.
काहीतरी गुणगुणत होती, नवं,
यात पाच सूर असावेत.
मी गिटार काढली.
बोट अजून हुळहुळत होतं.