सतरा लाद्या

कुटबणच्या धक्क्यावर बर्फाचा हिशेब मी ठेवतो.
किती लाद्या निघाल्या, किती फुटल्या,
कुठल्या ट्रॉलरच्या पोटात किती गेल्या.
डब्यातून सुटते तेव्हा लादी आतून निळी असते,
धक्क्यावर पोचेपर्यंत पांढरी,
बांगड्यांवर पडली की तिचं नाव चुरा.

कुस्तोदची गाडी मी पहिल्यांदा पाहिली ती सोलांखाली.
असोळण्याला, त्याच्या मागच्या अंगणात
पिएदाद तिच्यावर भिंडांची सोलं वाळवायची.
दोन लांब पट्ट्या, पुढे वळलेल्या
रेड्याच्या शिंगांसारख्या,
वर पाच फळ्या, आणि चाकं नाहीत.
"चाकं कुठं गेली?" मी विचारलं.
"तेच मी बावीस वर्षं विचारतेय," पिएदाद म्हणाली.

तारवटी होता कुस्तोद. बोटीवर सुतार.
उत्तरेतल्या कुठल्याशा बंदरात
(नाव घेताना त्याच्या पडलेल्या दातातून शिट्टी वाजायची)
पाणी गोठलं, बोट पाच आठवडे अडकली,
तेव्हा रिकाम्या पेट्या मोडून त्याने ती केली,
खालून लोखंड ठोकलं.
मग टेकडीवरून सुटलो, सांगायचा,
कानात वारा असा की आईची हाकसुद्धा आली नसती,
खाली चर्च, चर्चच्या पुढे समुद्र,
आणि समुद्रावरही घसरतोच आहे, घसरतोच आहे.
पोरं दर खेपेला विचारत, थांबलास कसा?
दर खेपेला तो वेगळं सांगे.
कधी अस्वल. कधी पोलीस.

एकतीस मे. उद्यापासून समुद्र बंद.
ट्रॉलर ओळीने नांगरलेले, जाळी घड्या घातलेली,
यंत्र थांबल्यावर अमोनियाचा वास तेवढा उरलेला.
सतरा लाद्या शिल्लक, घेणारं कुणी नाही.
सकाळी त्या साळ नदीत जाणारच होत्या,
आपल्या पायांनी.

रात्री दहाला कुस्तोद आला. हातगाडीवर गाडी,
फळ्या सोलांच्या रसाने जांभळ्या.
मागे पिएदाद, हातात टॉर्च, कपाळावर आठी.
मी मालकाला फोन केला नाही.
सोमराने आकडीने एकेक लादी ओढली,
होड्या उतरवायच्या उतारावर एकीला एक लावली,
फटींत चुरा भरला, वरून पोतं फिरवलं.
गावाकडे त्याने गारा पाहिल्या होत्या. एवढंच.

कुस्तोद बसला. गुडघे छातीशी.
आणि धरून राहिला दोन्ही हातांनी काठ,
इतका वेळ की खालचं बर्फ ओलं झालं.
"शाणू," तो हळूच म्हणाला, "मी बसलो नव्हतो रे.
शेवटचा खिळा मारला त्या सकाळी बर्फ फुटला,
कप्तानाने भोंगा दिला."
पिएदादने ऐकलं. टॉर्च हलला नाही.
मग तिनेच पाठीत दोन्ही हात लावले
आणि ढकललं.

चार सेकंदही नसतील.
लोखंड बर्फावर असं बोललं
की नांगरलेल्या ट्रॉलरवरचं कुत्रं उठून उभं राहिलं.
मग चिखल, मग गुडघाभर पाणी,
पाण्यात बसलेला एकसष्ट वर्षांचा सुतार,
आणि कितीतरी वेळ काहीच नाही.
"अस्वल होतं का?" सोमराने वरून विचारलं.

दुसऱ्या खेपेला पिएदाद बसली.
खाली जाताना तिने कुणाला शिव्या घातल्या,
देवाला की कुस्तोदला, कळलं नाही.
तिसरी खेप झाली नाही. मधल्या चार लाद्या
तोवर साबणाच्या वडीएवढ्या उरल्या होत्या.

वहीत मी लिहिलं: सतरा लाद्या, वितळल्या.
मालकाने सही केली.
गाडीवर यंदा पुन्हा सोलं आहेत.
उतारावर गंजाच्या दोन तांबड्या रेघा,
पाण्यात शिरेपर्यंत सरळ.
कुणी विचारत नाही कसल्या.