अबोलीचं सेवापुस्तक

नाव: तासितूर्न. म्हणजे अबोल.
जन्म: रोशफोरची गोदी, शारांत नदीचा चिखल,
मार्चातलं उधाण, बत्तीस तोफांची सोय.
पाण्यात उतरताना एका सुताराचा अंगठा गेला.
अंगठ्याला रकाना नव्हता, मी तो समासात लिहिला.
सतरा वर्षांचा उमेदवार कारकून होतो,
समासात काय लिहायचं नसतं ते शिकायचं होतं.

नेमणूक: साखरेच्या गलबतांना सोबत, थेट अँटिलीसपर्यंत.
रजा: नाही.
वेसाँ बेटापाशी धुक्यात इंग्रजांशी गाठ.
माणसं एकोणीस, बकऱ्या चार,
एकाच ओळीत, एकाच शाईत,
कारण शिधा दोघांच्याही नावे निघत होता.

मग राजा गेला. समितीचे तिघे आले, बुटांना ओला चिखल.
म्हणाले, या दिवसांत गप्प राहणं संशयास्पद आहे.
ती झाली पारोल. म्हणजे वाणी.
नाळेवरच्या लाकडी बाईच्या मिटल्या ओठांत
म्हाताऱ्या ओन्फ्रोआनं पटाशी घातली,
तीन दिवसांत तोंड उघडलं.
दात दिले नाहीत. मजुरीत बसत नाहीत म्हणाला.

वाणी झाल्यावर ती फारसं बोललीच नाही.
ब्रेस्टला अडकून पडली. दोर नाही, डांबर नाही, पगार नाही.
खलाशांनी शिडं फाडून विजारी शिवल्या.
तोफा एकदाच उडाल्या, सणाला, बिनगोळ्यांच्या.

मग सम्राट आला
आणि गप्प राहणं पुन्हा सद्गुणांत जमा झालं.
नाव खोडायला मला एक मिनिट लागलं.
ओन्फ्रोआचं तसं नव्हतं, काढलेलं लाकूड परत बसत नाही.
त्यानं डांबर कोंबलं, मेण थापलं, वरून रंग.
लांबून मिटल्यासारखं दिसे.

बदली: एक्सच्या रेवावर पहारा.
बदली: डोलकाठ्या उतरवून तापाच्या रोग्यांचं इस्पितळ.
निवृत्तिवेतन: लागू नाही.

तोडायला आठ दिवस लागले. तांब्याचे खिळे सरकारजमा.
कालवांच्या शेडसाठी मारेनहून रादगोंद पुयो आली,
फळीत नख रोवून म्हणाली, कुजेल का?
म्हटलं, एक्केचाळीस वर्षं पाण्यात होती.
"पाण्यात सगळंच टिकतं हो. वाऱ्यावरचं बोला."
वाऱ्याचं मला काही सांगता आलं नाही.
तरी तिनं दोन गाड्या भरल्या.

बाई कुणी घेतली नाही.
गोदामाच्या भिंतीला टेकून उभी आहे,
उन्हानं डांबर पाघळून हनुवटीवर ओघळ आलाय
आणि तोंड पुन्हा उघडं.
जेवणाच्या सुट्टीत मी जवळ गेलो, वाकून पाहिलं.
लिलावाची किंमत ठरवायची होती, बाकी काही नाही.
आत एक कोळीण होती, अंड्यांची पुरचुंडी घेऊन.

शेऱ्याच्या रकान्यात दोन बोटं जागा उरलीय.
लिहिलं: नग एक, बाई, बिनविक्री.
मग मागे गेलो, अगदी पहिल्या पानावर,
आणि समासात, अंगठ्याच्या शेजारी,
तेव्हा राहून गेलेलं नाव घातलं:
सिमेओं ब्रेशू, सुतार. उजवा हात.