खोडाला लागलेलं

होमस्टेडची माती म्हणजे माती नव्हेच,
पहार मारली की ठणकन वाजतो पांढरा चुनखडक.
त्यात मोरेश्वर खड्डा खणायला निघाला,
वयाच्या एकसष्टाव्या वर्षी,
जाबोटिकाबाच्या वीतभर रोपासाठी.

रोप दिलं पलीकडच्या गल्लीतल्या झुलेइदानं.
तिच्या ब्राझीलमधल्या गावी म्हणे
झाड तासावर भाड्यानं देतात.
पैसे मोजायचे, बुंध्याशी बसायचं, पोट भरेस्तोवर खायचं.
'फळ कधी धरेल?' मी विचारलं.
तिनं एका हाताची बोटं दाखवली, मग दुसऱ्या हाताची,
मग जरा थांबून पुन्हा एक.

मी मनातल्या मनात आमची वयं मिळवून पाहिली
आणि चहा टाकायला आत गेले.

नळाचं पाणी त्याला चालेना, फार जड.
पन्हळीखाली दोन निळी पिंपं आली.
पानं पिवळी पडली तेव्हा लोहाची पूड आली.
त्याच वर्षी माझ्याही रक्तात लोह कमी निघालं.
फडताळात दोन डबे शेजारी शेजारी,
एक माझा, एक झाडाचा.
झाडाचा महाग.

दर उन्हाळ्यात साल सुटून पडायची, पेरूची पडते तशी,
आतून नवं, फिकट, गुळगुळीत खोड.
बाकी काही नाही.
'उंबराचं फूल झालंय तुझं झाड,' मी म्हणायचे.
तो खोडावरून हात फिरवायचा
आणि पिंपातलं पाणी किती उरलंय ते बघायला जायचा.

सातव्या वर्षी त्याच्या डोळ्यांचं सुरू झालं.
आधी छापील ओळी वाकल्या,
मग दाराची चौकट,
मग मधोमध एक डाग,
जिकडे बघावं नेमका तिथेच.
मला बघायचं तर आता मान तिरकी करतो,
कोंबडीसारखी.
कडेकडेनं दिसतेस, म्हणतो. पुरे आहे.

अकराव्या वर्षी, मार्चात, पाणी घालायला गेले
तर बुंध्यावर पांढरं काही.
बुरशी, वाटलं. गेलं आता हेही.
वाकून पाहिलं तर फुलं!
फांदीच्या टोकाला नाही, पानांच्या आड नाही,
थेट सालीतून फुटलेली, केसाळ, दाट,
जमिनीपासून वर वर
अंगावर काटा यावा तशी.
मी लगेच हाक मारली नाही.
दोन मिनिटं एकटीनंच पाहून घेतली.
हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

मग हिरवे मणी, मग तांबूस, मग जांभळाहून काळे.
फणसही खोडालाच लागतो,
पण देठाचं अंतर राखून.
हे नुसते चिकटलेले.
'तीन दिवस,' झुलेइदानं बजावलं.
तोडलं की तीन दिवसांत आंबतं.
ऋतुजाला मिनियापोलिसला खोकं धाडायचं होतं, ते राहिलं.
फोनवर तिला एक फोडून ऐकवलं,
दाताखाली फट्‌.
'बाबा, काय होतं ते?' ती म्हणाली.

तोडणी त्याचीच.
मान वर करायची नाही, शिडी नाही, आकडी नाही.
स्टुलावर बसून दोन्ही तळवे खोडाला लावतो,
ताप बघावा तसे.
कच्चं म्हणजे खडा.
पिकलेलं अंगठ्याखाली जरा दबतं
आणि आपणहून सुटतं.
मी पुढून, नीट निरखून पातेलं भरते,
हा मागून, पार मुळापाशी हात घालून
मी सोडलेली ओंजळभर काढतो.
वरून ऐकवतोसुद्धा.
बिया थुंकतो थेट कुंडीत, मातीत.
त्यावर मी काही बोलत नाही.

काल तिन्हीसांजेला म्हटलं, सरक.
अंगणातला दिवा घालवला, डोळे मिटले, हात लावला.
खडा. खडा. साल. मुंगी.
मग एक गार, गोल,
जरासं दबणारं.
'सापडलं!' मी म्हटलं,
आणि ते हललं.

गोगलगाय.

मी किती ओरडले ते झुलेइदाला विचारा.
हा मात्र शांतपणे म्हणाला,
'राहू दे तिला. अजून कच्ची आहे.'