एक खुंटी

डंडीत नोव्हेंबरातला दिवस
साडेतीनलाच आवरतं घेतो.
टे नदीवरचं धुकं काचेला टेकतं, आणि सेंगा मिल्नी,
एकतीस वर्षं याच बाकाशी,
डार्करूममधून ओली फिल्म हलवत येते.

पट्टी आहे.
नसायला हवी होती.

फॉस्फेट बसलं होतं ना सेरीनवर?
बसलं होतं.
म्हणजे बोलावणं गेलं.
बोलावणं गेलं की युबिक्विटिन येतं,
एकाचा हात धरून दुसरं, दुसऱ्याचा तिसरं,
आणि अशी साखळी लागलेलं प्रोटीन
प्रोटिआसोमच्या दारातून परत फिरत नाही.
हे मात्र ठिय्या देऊन बसलंय,
काळंभोर, जाड.

ब्रॉगन म्हणतो, अँटिबॉडी शिळी असेल.
शिळी मी आहे, ती म्हणते, बाटली सोमवारची.

तिची आई ज्यूटच्या गिरणीत होती.
मागांच्या खडखडाटात कान गेले विशीच्या आत,
मग बाया हातांनी बोलायच्या.
दोन बोटं गालाला : मुकादम येतोय.
तीच दोन बोटं गालाला
आणि दुसरा हात कमरेवर : पिऊन येतोय.
दुसरा हात मुठीत : येऊ दे, आज आपणही बघू.

सेंगा फिल्म उजेडाला धरते.
फॉस्फेट काय करतंय ते विचारलंस,
शेजारी कोण बसलंय ते विचारलंस का?

रात्री आठपर्यंत दोघं शोधतात.
सापडतं लायसीनवर :
साखळीला अडकायला तिथं एकच खुंटी,
आणि तिच्यावर आधीच कुणी ॲसिटिल टांगून गेलेलं.
दोन कार्बनांचा जीव.
बोलावणं खरंच गेलं होतं.
पाहुणेही आले असतील,
दारात उभे राहिले असतील.

आता ते उतरवणारं कोण, ते उद्या, ती म्हणते,
आणि दिवा घालवते.

वृद्धाश्रमात भेटीची वेळ टळलीय, तरी सोडतात तिला.
दारामागे एकच खुंटी,
तिच्यावर आईचा कोट,
दोन हिवाळे बाहेर न पडलेला.
सेंगा आपला अंगावरच ठेवते.

आई डोळे उघडते,
दोन बोटं सावकाश गालाला लावते.

दुसरा हात पांघरुणाखाली आहे.

सेंगा पांघरूण ओढत नाही.
खुर्ची जवळ घेते,
ओल्या कोटातच
बसून राहते.