टंकदोष असावा

कलिन्याला, विद्यापीठाच्या मागच्या गेटासमोर माझं दुकान:
टायपिंग, बायंडिंग, मरून रेक्झिनवर सोनेरी अक्षरं.
एकतीस वर्षांत किती जण डॉक्टर झाले
माझ्या बोटांतून.
मी बारावी, तीही बाहेरून.

विषय कळत नाहीत असं नाही.
कळत नाही ते एवढंच, की एकाचं वाक्य
दुसऱ्याच्या प्रबंधात येतं
तेव्हा दारात थांबून सांगत का नाही
मी अमक्याकडचा म्हणून.
चपलांसकट सरळ स्वयंपाकघरात शिरतं
आणि घरचंच असल्यासारखं पाटावर बसतं.

शहाण्णव साली मंदाकिनी तांडेल आल्या होत्या,
भांडुपच्या मिठागरांवरचं काम घेऊन.
अक्षर बारीक, समास मोठा,
कागद खारवल्यासारखे खरखरीत.
यंत्राचा 'ष' अडकायचा तेव्हा.
रात्रीचे दोन वाजलेले,
पान एकशे बारा, तक्ता चौथा,
त्यांनी लिहिलं होतं ७१,
मी मारलं १७.

पाचही प्रती बांधून झाल्यावर त्यांना दिसलं.
रागावल्या नाहीत.
"पुस्तक निघेल तेव्हा करू दुरुस्त."
पुस्तक निघालं नाही.

मग तो सतरा चालायला लागला.
दोन हजार तीनला एका प्राध्यापकांच्या प्रबंधात,
नऊला त्यांच्याच विद्यार्थ्याच्या,
तळटीप नाही, नाव नाही,
नुसतं "असे दिसून येते".
कुणाला दिसून आलं?
कुठल्या उन्हात, किती वेळ
पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभं राहून?
मी विचारलं नाही.
पानामागे बारा रुपये घेतले, पावती दिली.
एकूण सात प्रबंधांत भेटला मला तो.
बापाचं नाव लावत नव्हता,
पण नाक माझ्यावर गेलेलं.

एकदा तर त्याच्यावरून निष्कर्षही काढला कुणी:
इतक्या थोड्या आगरांवर
इतकी माणसं जगणं संभवत नाही,
सबब माणसं फुगवून सांगितली असावीत.
तेही टाइप केलं मी. शुद्धलेखन तपासून.

काल हर्षाली केणी आली.
फक्त संदर्भ लावायचे होते, म्हणाली, स्वल्पविराम नीट पाहा काका,
आमच्या मॅडम स्वल्पविरामावरून परत पाठवतात.
तळटीप त्रेचाळीस मी तीनदा वाचली:

तांडेल, मंदाकिनी. अप्रकाशित प्रबंध, १९९६, पृ. ११२.
तेथे आगरांची संख्या १७. दिवंगत लेखिकेच्या क्षेत्रवहीत,
जी त्यांच्या भाचीने कांजूरच्या घरी पाहू दिली, ७१.
टंकदोष असावा. टंकलेखक अज्ञात.

तांडेलबाई गेल्या, हे मला तळटिपेतून कळलं.
नऊ पॉइंटात.

पोरगी कांजूरला गेली होती.
कुणाची तरी वही उघडायला, एका आकड्यासाठी,
जो तिच्या मुख्य मुद्द्यात बसतही नव्हता.
आणि "असावा" लिहिलं तिने, "आहे" नाही.
माझ्यासाठी एवढी जागा
कुणी सोडली नव्हती आजवर.

स्वल्पविराम सगळे नीट होते.
ती मोबाइलवर कुणाला तरी सांगत होती,
झालंच, दहा मिनिटं.
मी कर्सर शेवटच्या शब्दामागे नेऊन ठेवला.
तो लुकलुकत राहिला.

"हर्षाली," म्हटलं,
"हे 'अज्ञात' असंच ठेवायचं का?"