भरीव टाका

लग्नात वैजूला दिले होते दोन अभ्रे.
रविवार पेठेतलं निळं पॉपलीन,
तुळशीबागेतल्या लडी,
दुकानाच्या दारात उन्हात धरून निवडलेल्या.
एकावर व, एकावर श.
श ला वेळ लागला. त्याच्या गाठीपाशी
रिंग सारखी सैल व्हायची.

काल ती आली सहकारनगरला.
हेल्मेट न काढताच पिशवी पुढे केली.
"मावशी, हा श काढता येईल?"

उसवायला मागून सुरुवात करतात.
मागे सगळं असतं: ओढून नेलेले दोरे,
चुकून बसलेली गाठ,
वीज गेली तेव्हाचे दोन आंधळे टाके.
कोणी उलटून बघत नाही म्हणून बरं.
ब्लेडच्या टोकाने एकेक उचलत गेले.
ती खिडकीशी. फोन वाजला, तिने पालथा ठेवला.

दोरे निघाले चिमूटभर.
आणि खाली तो तसाच.
धुऊन धुऊन अख्खा अभ्रा विटलेला,
फक्त दोऱ्याखालचं कापड
घेतलं त्या दिवसाइतकं निळं.
श. आता बिनदोऱ्याचा.

"भोकं बुजतील दोन धुण्यांत," मी म्हटलं.
रंगाचं काही बोलले नाही.

तिने त्यावरून बोट फिरवलं.
"यावर मासा काढ."
"पुण्यात कुठला मासा गं?"
"मुठेत नाही तर नाही.
उशीवर तरी पोहू दे."

चष्मा सापडेना.
तिनेच सुई ओवून दिली, लाल दोऱ्याची.
शेपटीपासून सुरुवात केली,
जिथे श ची गाठ होती.